पत्र तंतुकणिकेचे, वाचक केंद्रकाचा

पावाच्या लादीतला एक पाव मोडून आत नीट पहा. लहानमोठ्या असंख्य भोकांची जाळी तुम्हाला दिसेल. ही जाळी यीस्ट नावाच्या एकपेशीय बुरशीने केलेली असते. मळलेल्या पिठातील साखर खाऊन यीस्ट कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर टाकते. तो वायू पिठात अडकतो आणि पीठ फुगते. बेकरीतल्या या यीस्टचे शास्त्रीय नाव आहे सॅकरोमायसीस सेरेव्हिसी. याच यीस्टने जीवशास्त्रज्ञांना एक कोडे घातले आणि ते सोडवण्याचे साधनही पुरवले. त्या कोड्याची हकिकत आज आपण पाहू.

जगण्याच्या दोन रीती

यीस्टच्या पेशीला ऊर्जा मिळवण्याच्या दोन रीती येतात. पहिली किण्वन. यात साखर अर्धवट मोडते, मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात आणि थोडीशी ऊर्जा मिळते. याला प्राणवायू लागत नाही. दुसरी रीत श्वसनाची. यात प्राणवायूच्या साहाय्याने अन्नाचे पूर्ण ज्वलन होते आणि त्याच साखरेपासून कितीतरी पट अधिक ऊर्जा मिळते. श्वसनाचे हे काम पेशीतील तंतुकणिकांत चालते. तंतुकणिका म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया. ‘पेशीचे वीजघर’ म्हणून पाठ्यपुस्तकात तिची ओळख तुम्हाला झालेलीच आहे.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. यीस्टला साखर दिली तर ते दोन्ही रीतींनी जगू शकते. पण साखरेऐवजी ग्लिसरीन दिले तर किण्वन करता येत नाही. श्वसन केले तरच त्याची वाढ होते. म्हणजे एखाद्या यीस्टच्या तंतुकणिका नीट चालतात की नाही, हे ठरवायला सोपी परीक्षा मिळाली. साखरेवर वाढते पण ग्लिसरीनवर वाढत नाही, असे यीस्ट आढळले की समजावे, त्याचे वीजघर बंद पडले आहे. उंदराचे किंवा माणसाचे वीजघर असे पूर्ण बंद पडले तर तो जगणारच नाही. यीस्ट मात्र किण्वनावर तग धरते. त्यामुळे बिघडलेले वीजघर जिवंत पेशीत अभ्यासता येते. यीस्टचा हा मोठाच उपयोग आहे.

पॅरिसमधल्या बुटक्या वसाहती

दुसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसमध्ये बोरिस एफ्रुसी हे शास्त्रज्ञ यीस्टवर प्रयोग करीत होते. साखर घातलेल्या आगरवर यीस्टच्या पेशी विरळ पसरल्या, की प्रत्येक पेशीपासून एक गोल वसाहत वाढते. अशा वसाहतींत मधूनच एखादी अगदी लहान वसाहत दिसे. तीमधील पेशी घेऊन पुन्हा वाढवल्या तरी पुढच्या सर्व वसाहती लहानच निघत. फ्रेंच भाषेत लहान या अर्थी ‘पतीत’ असा शब्द आहे. शास्त्रज्ञांनी या यीस्टला तेच नाव दिले. आपण त्याला ‘बुटके यीस्ट’ म्हणू.

अॅक्रिफ्लेविन नावाचा रंग अन्नात मिसळला, तर जवळजवळ सगळीच संतती बुटकी निपजते, असे एफ्रुसी यांना आढळले. ही निरीक्षणे १९४९ साली प्रसिद्ध झाली. पोलंडहून आलेले त्यांचे तरुण सहकारी प्योत्र स्लोनिम्स्की यांनी या यीस्टमधली विकरे तपासली. श्वसनाला लागणारी महत्त्वाची विकरे त्यात नव्हती. वसाहत लहान का राहते, याचे उत्तर मिळाले: ही पेशी केवळ किण्वनाच्या तुटपुंज्या ऊर्जेवर जगत होती.

चार बीजाणूंचा कौल

आता पुढचा प्रश्न. हा दोष पेशीत कोठे आहे? केंद्रकातील गुणसूत्रांवर, की दुसरीकडे?

यीस्टमध्ये याचा निकाल फार सुरेख लावता येतो. दोन भिन्न प्रकारच्या यीस्ट-पेशी एकमेकींत मिसळून त्यांची एक जोडपेशी होते. या जोडपेशीची उपासमार केली, की तिच्यात चार बीजाणू तयार होतात. ते एकाच पिशवीत असतात. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुईने ते वेगळे करून एकेक वाढवता येतात. एखादा गुण गुणसूत्रावरील एका जनुकाने ठरत असेल, तर चारांपैकी दोन बीजाणूंना आईकडचे जनुक मिळते आणि दोघांना बापाकडचे. म्हणजे वाटणी दोनास दोन अशी होते. मेंडेलचा नियम हाच.

बुटक्या यीस्टची निरोगी यीस्टशी गाठ घातली तेव्हा काय झाले? चारही बीजाणू निरोगी निघाले! बुटकेपणा नाहीसाच झाला. मेंडेलच्या नियमात हे बसेना. एफ्रुसी यांनी अनुमान काढले, की हा दोष केंद्रकात नसून केंद्रकाबाहेर, पेशीद्रवातल्या कशात तरी आहे.

पण गोष्ट येथे संपली नाही. १९५० मध्ये एफ्रुसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दुसऱ्या जातीचे बुटके यीस्ट सापडले. दिसायला तसेच, ग्लिसरीनवर न वाढणारे. पण निरोगी यीस्टशी गाठ घातल्यावर याची वाटणी बरोबर दोनास दोन होई. म्हणजे या जातीचा दोष केंद्रकातल्या एका जनुकात होता.

रोग एकच, पण बिघाडाच्या जागा दोन!

आंधळा आणि पांगळा

आता एक गंमत पहा. पहिल्या जातीच्या बुटक्या यीस्टची दुसऱ्या जातीच्या बुटक्या यीस्टशी गाठ घातली. दोघांनाही श्वसन येत नाही. मग जोडपेशीला ते कसे येणार, असे तुम्हाला वाटेल. पण जोडपेशी ग्लिसरीनवर छान वाढली!

आंधळ्या-पांगळ्याची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसला, आणि एकट्याने जे जमत नव्हते ते दोघांनी मिळून केले. येथेही तसेच झाले. पहिल्याकडे निरोगी केंद्रक होते, पण केंद्रकाबाहेरची वस्तू हरवली होती. दुसऱ्याकडे ती वस्तू शाबूत होती, पण केंद्रकातले एक जनुक बिघडले होते. दोघांनी एकमेकांची उणीव भरून काढली.

यावरून सिद्ध झाले, की वीजघर चालायला दोन्ही हवेत. एक असून भागत नाही. पण केंद्रकाबाहेरची ती वस्तू कोणती?

तंतुकणिकेची लहान पोथी

१९६० नंतरच्या दशकात उत्तर मिळाले. १९६३ साली मार्गिट आणि सिल्व्हन नास यांना कोंबडीच्या गर्भातील तंतुकणिकांत डीएनएचे धागे दिसले. १९६४ साली व्हिएन्नामध्ये गॉटफ्रीड शात्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यीस्टच्या तंतुकणिकांत डीएनए असल्याचे दाखवले. पहिल्या जातीच्या बुटक्या यीस्टमध्ये या डीएनएचा मोठा भाग गळालेला असतो, तर काहींत तो मुळी नसतोच.

तंतुकणिकेत डीएनए का असावा? फार प्राचीन काळी तंतुकणिका हा एक स्वतंत्र जीवाणू होता आणि तो दुसऱ्या पेशीत वस्तीला आला, असे आज मानले जाते. अमेरिकन शास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये हा विचार जोरदारपणे मांडला. पुढे त्या पाहुण्याची बहुतेक जनुके एकतर नाहीशी झाली, नाहीतर यजमानाच्या केंद्रकात जाऊन बसली. थोडी तेवढी मागे राहिली.

किती थोडी, ते पहा. यीस्टच्या केंद्रकात १६ गुणसूत्रे आणि सुमारे ६,००० जनुके आहेत. तंतुकणिकेचा डीएनए सुमारे ८५,००० अक्षरांचा आहे, आणि त्यात मुख्यतः आठ प्रथिनांचा मजकूर आहे. त्यांपैकी सात श्वसनाच्या आणि ऊर्जानिर्मितीच्या यंत्रांचे भाग होत. आठवे प्रथिन तंतुकणिकेतल्या रायबोसोमचा भाग आहे. याउलट तंतुकणिकेत काम करणाऱ्या प्रथिनांची एकूण संख्या हजाराच्या घरात जाते. म्हणजे शंभरांतली नव्याण्णव प्रथिने केंद्रकाच्या हुकमावरून पेशीद्रवात तयार होतात आणि नंतर तंतुकणिकेत शिरतात.

पत्राचा प्रवास

तंतुकणिकेची आठ जनुके तरी ती स्वतःच्या मर्जीने वापरत असेल? नाही. तेथेही केंद्रकाचा हात आहे. तो कसा, हे समजण्यासाठी जनुकापासून प्रथिनापर्यंतचा प्रवास आठवा. डीएनए ही पोथी मानली, तर तिच्यातल्या एका पानाची नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए. या नकलेला आपण पत्र म्हणू. रायबोसोम ते पत्र वाचतो आणि त्यातील मजकुराप्रमाणे अमिनो आम्ले जोडून प्रथिन बनवतो.

पहिला टप्पा नकलेचा. यीस्टच्या तंतुकणिकेत नक्कल करणारे विकर केंद्रकातील जनुकापासून येते. १९८७ मध्ये या जनुकाचा मजकूर वाचला गेला, तेव्हा एक नवल दिसले. हे विकर जीवाणूंच्या विकरासारखे नव्हते. जीवाणूंवर जगणाऱ्या काही विषाणूंच्या विकराशी त्याचे साम्य होते.

दुसरा टप्पा पत्र जपण्याचा. सायटोक्रोम-बी नावाच्या प्रथिनाचे पत्र टिकून राहण्यासाठी केंद्रकातील सीबीपी-१ हे जनुक लागते. ते बिघडले, तर पत्र तयार होते पण नष्ट होऊन जाते. बाकीच्या पत्रांना मात्र काही होत नाही.

तिसरा टप्पा वाचनाचा. येथे सर्वांत मोठे आश्चर्य होते. अमेरिकेत अलेक्झांडर झागोलॉफ आणि इतर शास्त्रज्ञांनी दुसऱ्या जातीची बुटकी यीस्टे शेकड्यांनी गोळा केली होती. त्यांत केंद्रकातील दोनशेहून अधिक वेगवेगळ्या जनुकांचे बिघाड आढळले. त्यांपैकी एक होते पेट-४९४. हे जनुक बिघडलेल्या यीस्टमध्ये कॉक्स-३ नावाचे फक्त एक प्रथिन तयार होत नव्हते. त्याचे जनुक तंतुकणिकेत शाबूत होते. त्याचे पत्रही तयार होत होते. इतर पत्रे वाचली जात होती, म्हणजे रायबोसोमही ठीक होता. पण हे एक पत्र कोणी वाचत नव्हते!

मायना बदलून पाहिला

कॉर्नेल विद्यापीठातील टॉमस फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली याचा छडा लावला. त्यांनी पेट-४९४ बिघडलेले यीस्ट ग्लिसरीनवर पसरले. अशा यीस्टने तेथे वाढू नये. पण क्वचित एखादी वसाहत वाढली. तिच्यात पेट-४९४ दुरुस्त झाले होते काय? नाही, ते बिघडलेलेच होते. मग कॉक्स-३ तयार कसे झाले?

उत्तर तंतुकणिकेच्या डीएनएमध्ये सापडले. मूळ डीएनएच्या जोडीला तेथे एक नवा, उलटापालट झालेला डीएनए आला होता. त्यात कॉक्स-३ चा मजकूर तसाच होता, पण त्याच्या आधीचा भाग तंतुकणिकेतल्याच दुसऱ्या जनुकाचा येऊन चिकटला होता.

आपण पत्र लिहितो तेव्हा मजकुराच्या आधी मायना लिहितो. ‘तीर्थरूप’ असा मायना दिसला, की पत्र वडीलधाऱ्यांचे हे कळते. ‘प्रिय मित्रास’ असला, की मित्राचे. संदेशवाहक आरएनएलाही असा मायना असतो. त्यातून प्रथिन बनत नाही. कॉक्स-३ च्या पत्राचा मायना सुमारे ६०० अक्षरांचा आहे, तर कॉक्स-२ च्या पत्राचा अवघा ५४ अक्षरांचा. पेट-४९४ चे प्रथिन कॉक्स-३ च्या मायन्यासाठी काम करते, असा याचा अर्थ झाला. मायना बदलला आणि पेट-४९४ ची गरजच उरली नाही.

मग उलट बाजूनेही पडताळा घेतला गेला. सायटोक्रोम-बीचे पत्र वाचण्यासाठी केंद्रकातील सीबीएस-१ हे जनुक लागते. सायटोक्रोम-बीचा मायना कॉक्स-३ च्या मजकुराला लागला, की कॉक्स-३ ला सीबीएस-१ ची गरज पडू लागली! मजकूर जुना, पण वाचक मायन्याप्रमाणे बदलला.

आज आपल्याला माहीत आहे, की कॉक्स-३ च्या पत्रासाठी पेट-४९४, पेट-५४ आणि पेट-१२२ ही तीन प्रथिने लागतात. कॉक्स-२ साठी पेट-१११, तर कॉक्स-१ साठी पेट-३०९ आणि एमएसएस-५१ लागतात. पत्रे तंतुकणिकेची, पण त्यांचे मायने ओळखणारे असे केंद्रकाकडून येतात.

मागणी तसा पुरवठा

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न तुम्ही विचाराल. श्वसनाच्या साखळीतले शेवटचे विकर घ्या. त्याचे नाव सायटोक्रोम ऑक्सिडेज. याचे तीन मुख्य भाग, म्हणजे कॉक्स-१, २ आणि ३, तंतुकणिकेत तयार होतात. बाकीचे भाग केंद्रकाच्या जनुकांपासून येतात. एका कारखान्यात सायकलीची चाके आणि दुसऱ्यात सांगाडे होत असतील, तर दोघांचा मेळ बसला पाहिजे. नाहीतर एकीकडे चाकांचा ढीग पडेल आणि सायकल एकही होणार नाही.

हा मेळ केंद्रक घालते. भरपूर साखर असली, तर पेट-४९४ चे जनुक मंद चालते. प्राणवायू मिळाला, की पेट-४९४ चे प्रथिन अधिक तयार होते. म्हणजे श्वसनाची गरज पडेल तसे कॉक्स-३ चे पत्र वाचले जाते.

पण निरोप एकाच दिशेने जातो असे मात्र नाही. एमएसएस-५१ चे काम पहा. हे प्रथिन कॉक्स-१ चे पत्र वाचायला मदत करते. पण नव्याने तयार झालेल्या कॉक्स-१ ला जोडीदार मिळाले नाहीत आणि ते तसेच पडून राहिले, तर एमएसएस-५१ त्यालाच धरून बसते. मग पत्र वाचायला ते मोकळे नसते आणि नव्या कॉक्स-१ चे उत्पादन आपोआप मंदावते. माल उचलला जात नाही, हे पाहून कारखाना हात आखडता घेतो, तसेच हे. ही योजना २००३-०४ च्या सुमारास उलगडली.

माणसाच्या घरात

यीस्टमधील हे ज्ञान माणसाच्या उपयोगी पडले आहे. माणसाच्या तंतुकणिकेचा डीएनए १६,५६९ अक्षरांचा आहे आणि त्यात १३ प्रथिनांचा मजकूर आहे. तो आपल्याला फक्त आईकडून मिळतो. त्यात दोष असेल, तर रोग आईकडून मुलांकडे जातो.

पण ली यांचा रोग म्हणून ओळखला जाणारा एक गंभीर आजार आहे. त्यात लहान मुलांच्या मेंदूला ऊर्जा कमी पडते आणि मेंदूचे भाग निकामी होतात. काही मुलांत सायटोक्रोम ऑक्सिडेज कमी असते, पण तंतुकणिकेचा डीएनए तपासला तर तो निर्दोष निघतो. हे चित्र तुम्हाला ओळखीचे वाटले ना? ही तर बुटक्या यीस्टची दुसरी जात! अशा काही मुलांत दोष केंद्रकातील टाको-१ या जनुकात असल्याचे २००९ मध्ये आढळले. कॉक्स-१ चे पत्र वाचले जाण्यासाठी हे जनुक लागते. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील एका भागात होणाऱ्या याच रोगाच्या प्रकारात एलआरपीपीआरसी नावाच्या केंद्रकातील जनुकाचा दोष २००३ मध्ये सापडला. तंतुकणिकेतली पत्रे टिकण्यासाठी ते लागते.

याचा अर्थ घरच्यांच्या दृष्टीने मोठा आहे. दोष केंद्रकात असेल, तर तो केवळ आईकडून आलेला नाही. या प्रकारांत आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेले जनुक यावे लागते. दोघेही स्वतः निरोगी असतात, आणि प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारांत एक असते. दोष कोठे आहे हे ठाऊक नसेल, तर डॉक्टर पुढच्या अपत्याविषयी काय सांगणार? आणि अनेक घरांत असा दोष विनाकारण एकट्या आईच्या माथी मारला जातो. बिघाड एकसारखा दिसला, म्हणून त्याचे कारणही एकच असते असे नाही. हा धडा १९५० सालच्या चार बीजाणूंनीच आपल्याला दिला आहे.

करून पहा

दोन लहान बाटल्यांत अर्धा-अर्धा पेला कोमट पाणी घ्या. एकीत दोन चमचे साखर आणि दुसरीत दोन चमचे ग्लिसरीन विरघळवा. दोन्हींत एकेक चमचा बेकरीतले कोरडे यीस्ट घाला आणि तोंडांवर फुगे घट्ट बसवा. तासाभराने पहा. साखरेच्या बाटलीवरचा फुगा फुगेल, दुसरा फारसा फुगणार नाही. असे का होते, ते या लेखाच्या आधारे वर्गात सांगा.

विचार करा

१. ग्लिसरीनवर न वाढणारे एक यीस्ट तुम्हाला दिले. त्याचा दोष केंद्रकात आहे की तंतुकणिकेत, हे ठरवण्यासाठी तुम्ही कोणता प्रयोग कराल?

२. केंद्रकातील दोन वेगवेगळी जनुके बिघडलेल्या दोन बुटक्या यीस्टांची गाठ घातली. दोघांचे तंतुकणिकेतील डीएनए शाबूत आहेत. जोडपेशी ग्लिसरीनवर वाढेल का? दोघांतही एकच जनुक बिघडले असेल तर?

३. पेट-१११ बिघडलेल्या यीस्टमध्ये कॉक्स-२ चा मायना काढून तेथे सायटोक्रोम-बीचा मायना लावला, तर काय व्हावे असे तुम्हाला वाटते?